स्टडेड टायरवर हिवाळ्यातली ट्रेल: आईस सोपी, बाकी सगळं अवघड

बर्फात मोटरसायकल चालवतो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "अरे पण घसरत नाही का?" आणि खरं उत्तर दिलं की कोणाला पटत नाही. नाही घसरत. टायरमध्ये स्टड, म्हणजे आईसमध्ये रुतणारे धातूचे खिळे, नीट बसवलेले असतील तर गोठलेल्या तळ्याच्या नितळ आईसवर जी ग्रिप मिळते ती मला उन्हाळ्यात कोरड्या मातीतसुद्धा मिळत नाही. ब्रेक दाबा, थ्रॉटल पिळा, वळणावर गाडी आडवी घाला, टायर सोडत नाही म्हणजे नाही. लोचा होतो तो आईस संपल्यावर. ट्रेल, म्हणजे जंगलातली कच्ची वाट, काही तळं नसतं, तिथे पन्नास फूट आईस, मग गुडघाभर भुसभुशीत बर्फ, मग उघडा पडलेला खडक, मग गोठलेली मुळं, मग पानांखाली लपलेली आईस, परत खडक, आणि हे सगळं एकाच चढावर एकामागून एक येतं. त्यामुळे कुठले स्टड, किती लांब, किती आणि कुठे मारायचे हा सगळा विचार त्या आईसपेक्षा बाकीच्या भानगडींसाठीच करावा लागतो, आणि पहिल्यांदा टायर बनवायला बसलो तेव्हा जी माहिती मिळत होती ती बहुतेक तळ्यावर गोल गोल फिरणाऱ्या लोकांची होती, ट्रेलवाल्यांची फार कमी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्टडचे ढोबळमानाने तीन प्रकार. एक म्हणजे आईस रेसिंगवाले स्क्रू, त्यातलं कोल्ड कटर हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. लांबून बघितला तर पत्र्याला मारायचा षटकोनी डोक्याचा स्क्रूच वाटतो, पण हातात घेऊन बघा, डोक्याची कड वर उचललेली असते आणि मधे खोल खाच असते, त्यामुळे खाचेच्या दोन्ही बाजूंना धार तयार होते. आईस कापते ती ही धार, स्क्रूचं टोक नाही, टोक तर आत रबरात गेलेलं असतं. काही जण पैसे वाचवायला घरातलेच साधे स्क्रू मारतात, थोडा वेळ चालतात तेही, पण त्यांचं डोकं मऊ आणि गुळगुळीत, दगडावरून एक चक्कर झाली की नुसतं चकचकीत बटण उरतं. दुसरा प्रकार कारबाइड टिपचा. यात रबरात घुसणारा भाग रुंद आट्यांचा, आणि वर टंगस्टन कारबाइडचं छोटं टोक. कारबाइड म्हणजे स्टीलपेक्षा कितीतरी कडक, दगडावर घासलं तरी लवकर झिजत नाही, फक्त ठिसूळ असतं, जोरात आपटलं तर टवका उडू शकतो. तिसरा प्रकार कंपनीतूनच स्टड बसवून आलेला टायर, स्वीडनच्या ट्रेलेबोर्गचं नाव त्यात वर्षानुवर्षं घेतलं जातं. मेहनत शून्य, पण जो साइज, जो पॅटर्न मिळेल तो निमूट घ्यायचा.

तळ्यावरच फिरायचं असेल तर डोळे मिटून स्टीलचे स्क्रू. धार मोठी, आईस अक्षरशः सोलून काढतात, आणि एक स्क्रू गेला तर दुसरा मारला, काही दुःख नाही. पण माझ्या ट्रेलवर दगड भरपूर. स्टीलच्या स्क्रूची धार दगडावर गेली की ग्रिपही गेली, कारण सगळा जीव त्या धारेतच. म्हणून मी दोन्ही टायरना कारबाइडच घेतले, थोडे आखूड. निव्वळ आईसवर ते स्क्रूपेक्षा थोडे कमी आक्रमक असतात हे मान्य, पण आईसवर तशी ग्रिप जास्तच होती, त्यातली थोडी कमी झाली तर काय बिघडतं. फक्त पुढच्या टायरच्या अगदी कडेच्या नॉबना, म्हणजे टायरवरच्या उंच रबरी ठोकळ्यांना, मी स्टीलचे स्क्रूच ठेवले, वळणावर पुढचं चाक बाजूला सरकतं तेव्हा ती धार उपयोगी पडते आणि कडेचे नॉब दगडावर तसे कमी घासतात.

जाता जाता सांगतो, कोणाला वाटत असेल की हे काहीतरी अघोरी आहे तर आईस स्पीडवे, म्हणजे आईसच्या ट्रॅकवरची मोटरसायकल रेस, बघा. १९६६ पासून त्याची जागतिक चॅम्पियनशिप होते, टायरमधून २८ मिलिमीटरचे सुळे बाहेर आलेले, गाडीला ब्रेकच नाही, आणि वळणावर गाडी इतकी आडवी की हँडल जवळजवळ बर्फाला टेकतं. त्यांच्यासमोर आमचे स्टड म्हणजे पोरखेळ.

आता टायर. नॉबी टायर नवा किंवा जवळपास नवा हवा, अर्धा झिजलेला टायर स्टडसाठी वापरायचा मोह सगळ्यांना होतो, पण नॉबच बुटका असेल तर स्क्रू धरणार कशाला. अगदी मऊ रबराचा टायरही नको, नॉब वाकतो, स्टड तिरका होतो आणि थोड्याच वेळात नॉबसकट फाटून जातो. मध्यम कडकपणाचा, नॉब जवळजवळ असलेला टायर सगळ्यात बरा. पुढे २१ इंची, मागे १८ इंची, मागचा मी मुद्दाम १२० मिमी रुंदीचा घेतला, १४० नाही, कारण स्टड बाहेर आल्यावर चाकाची उंची-रुंदी दोन्ही वाढते आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममध्ये जागा तेवढीच राहते.

लांबीचं गणित सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई करू नका. नॉबची उंची आधी मोजायची, मधल्या नॉबची वेगळी, कडेच्या नॉबची वेगळी. माझ्या मागच्या टायरचे मधले नॉब साधारण १६-१७ मिमी भरले, कडेचे आणि पुढच्या टायरचे त्याहून कमी. अर्धा इंची स्क्रू म्हणजे १२.७ मिमी, तो मागच्या मधल्या नॉबमध्ये आरामात बसतो, खाली रबर उरतं. पुढच्या टायरच्या कडेला तोच मारला तर टोक आत ट्यूबपर्यंत जायची भीती, तिथे ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिमीचा. रेसिंगवाले मुद्दाम लांब स्क्रू मारतात, केसिंगच्या, म्हणजे नॉबखालच्या टायरच्या कवचाच्या, आरपार, त्याने पकड जबरदस्त येते, पण मग आतून लायनर घालावा लागतो. लायनर म्हणजे एखादा जुना रोड टायर, त्याचे बीड (रिममध्ये बसणाऱ्या कडा) आणि बाजू कापून उरलेला पट्टा टायर आणि ट्यूबच्या मधे बसवायचा. वजन वाढतं, बसवताना नाकी नऊ येतात, आणि ट्रेलवर त्या वजनाचा त्रासच होतो. मी लायनर न घालता आखूड स्टड आणि जाड ट्यूब हा मार्ग घेतला.

बसवायच्या आदल्या रात्रीपासून टायर उबदार खोलीत ठेवले. गार रबरात स्टड मारायला गेलात तर ड्रिल ओरडतं आणि मनगट दुखतं, बाकी काही होत नाही. बॅटरीवालं ड्रिल, वेग सगळ्यात कमी, क्लच हलका, आणि स्टडसोबत आलेला बिट. टोकाला साबणाच्या पाण्याचा एक थेंब लावला की आटे सरसर आत जातात. स्टड नॉबच्या माथ्याला काटकोनात हवा, जरा तिरका गेला तर काढून परत. आणि थांबायचं कुठे हे हाताला कळावं लागतं, स्टडची कॉलर रबरावर टेकली, रबर किंचित दबलं की बस. अजून अर्धा फेरा दिला तर आतलं रबर कातरलं जातं, स्टड जागच्या जागी गरगर फिरतो, आणि असा स्टड पहिल्याच जोरदार थ्रॉटलला उडून जातो. मागच्या टायरला दोन-अडीचशे सहज लागतात, पुढच्याला थोडे कमी, त्यामुळे हे एका दमात करायचं काम नाही. पाठ मोडते. मधे चहा घ्या, पाय मोकळे करा, शेवटच्या पन्नासांत सगळ्यात जास्त वाकडे जातात.

पॅटर्नबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत असतं, माझं सांगतो. मागे मधल्या ओळीच्या प्रत्येक नॉबवर दोन, कारण जोर तिथूनच लागतो. पुढे मधल्या नॉबवर एक-एक ब्रेकिंगसाठी आणि त्याच्या शेजारच्या ओळीवर भर, कारण वळण घेताना गाडी त्याच ओळीवर उभी असते. स्क्रूच्या खाचेची दिशाही बघायची. मागेही स्क्रू मारत असाल तर तिथे धार आडवी, चाकाच्या फिरण्याला आडवी, म्हणजे ढकलताना चावते. पुढच्या कडेच्या नॉबना धार फिरण्याच्या दिशेत, म्हणजे बाजूला सरकताना अडते. हे सुरुवातीला डोक्यात बसत नाही, पेनाने एका नॉबवर रेघ मारून ठेवा आणि तिच्याकडे बघून मारत जा.

सगळे मारून झाल्यावर टायर रिमवर चढवायच्या आधी हातात जाड मोजा घालून आतून पूर्ण चाचपायचा, टॉर्च मारून. कुठे टोक लागतं का, फुगवटा आलाय का. मला एका ठिकाणी बारीकसा उंचवटा लागला, मोज्यातून जेमतेम जाणवेल एवढा, तो स्टड काढून शेजारी मारला आणि आतून पॅच चिकटवला. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि जंगलात उणे दहामध्ये गोठलेल्या बोटांनी ट्यूब बदलणं हे पाच मिनिटांचं काम नाही.

आणि हो, टायर चढवताना जुनी पँट घाला. स्टड मारलेला टायर मांडीवर घेऊन लिव्हर मारणं म्हणजे किसणी मांडीवर घेऊन कुस्ती खेळणं आहे. फरशीवर जुनं कार्पेट टाका नाहीतर घरच्यांशी वेगळी कुस्ती.

रिमलॉक, म्हणजे टायर रिमला दाबून धरणारा क्लॅम्प, दोन्ही चाकांना हवाच. स्टड इतके घट्ट धरतात की ब्रेकला किंवा थ्रॉटलला टायर रिमवर सरकायला बघतो, आणि टायर सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. हवेचं एक लक्षात ठेवायचं, घरात २० डिग्रीला १४ पीएसआय भरलेत आणि बाहेर उणे १० असेल तर टायर गार झाल्यावर ११ च्या आसपास उतरतो, कुठे गळती नसताना. म्हणून मी प्रेशर बाहेर गाडी थोडा वेळ उभी ठेवून मगच बघतो आणि तेव्हाच ठरवतो.

मग क्लिअरन्स. गाडी स्टँडवर, चाक हाताने सावकाश फिरवत प्रत्येक ठिकाणी बघायचं, स्विंगआर्म, चेन गाइड, मागचा मडगार्ड, पुढचा मडगार्ड. पुढच्याला मी वॉशर टाकून थोडा वर उचलला, कारण बर्फ आत दाबून बसतो आणि मग स्टड त्याला खरवडत राहतात. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर काय होतं तेही बघा, मागे एक जण बसवून झोके द्या. रेसिंगमध्ये चाकांवर गार्ड आणि हाताला बांधायची किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) बंधनकारक असते. गार्ड ट्रेलवर फार कोणी लावत नाही, पण किल कॉर्ड मी लावलीच. गाडीवरून उडालात तर फिरतं स्टडेड चाक थांबायलाच हवं, ते पायावर आलं तर काय होईल ते मी लिहीत नाही.

बाकी गाडीची तयारी उन्हाळ्याहून थोडी वेगळी, पण रॉकेट सायन्स नाही. ऑइल पातळ, म्हणजे १०डब्ल्यू-४० असेल तर ५डब्ल्यू-४०, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं केलं की साधारण उणे ३७ पर्यंत गोठायची चिंता नाही, रेडिएटरचा अर्धा भाग टेपने झाकायचा नाहीतर इंजिन गरमच होत नाही. कार्ब्युरेटर असेल तर गार दाट हवेने मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, म्हणून पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर मोठा लागू शकतो, इंजेक्शनवाल्यांनी मजा करावी. लिथियम बॅटरी थंडीत मेल्याचं नाटक करते, एक-दोन मिनिटं हेडलाइट चालू ठेवली की आतून थोडी गरम होते आणि मग स्टार्टर फिरवते. लेड ॲसिड नाटक करत नाही, ती खरंच मान टाकते. सस्पेन्शनमधलं ऑइल घट्ट झालेलं असतं, पहिला अर्धा तास फोर्क हलतच नाही असं वाटतं, सेटिंगला हात लावू नका, होईल मोकळं. आणि थ्रॉटल केबल. तिच्यात ओल राहिली आणि गोठली तर थ्रॉटल उघडा तो उघडाच राहतो. केबल काढून वाळवून लुब्रिकेट करा, आणि दर थांब्याला हात सोडून थ्रॉटल आपोआप परत येतो का ते बघा, हा विनोद नाही.

कपड्यांबद्दल एवढंच की उणे १० ला ४० च्या वेगाने जाताना उघड्या त्वचेला उणे २१ ची थंडी लागते, पण ट्रेलवर वेग कमी आणि कष्ट जास्त, त्यामुळे गारठण्यापेक्षा घामाने भिजणं हा मोठा धोका. सुती बनियन घरी ठेवा. हँडलवर मफ, म्हणजे हात आत घालायच्या उबदार पिशव्या, लावले की बोटांचा प्रश्न संपतो, मग ग्लोव्ह उन्हाळ्याचेच चालतात.

आता ट्रेल. पहिल्या राइडला सोबत एक दादा होता, बरेच हिवाळे असंच फिरलेला. सुरुवातीला जंगलातला जुना गाडीरस्ता, त्यावर दाबून घट्ट झालेला बर्फ आणि खाली आईस. मी कासवाच्या वेगाने, दोन्ही पाय खाली सोडून. तो थांबला आणि म्हणाला, "पाय वर घे आधी. पेगवर ठेव. आणि पुढचा ब्रेक मार जरा, घाबरू नकोस, मारूनच बघ." मारला. फोर्क दबला, गाडी थांबली, सरळ. परत मारला, जोरात. परत सरळ. डोकं सांगतंय की ही आईस आहे आणि गाडी सांगतेय की छान खडबडीत रस्ता आहे, ही भांडाभांडी पहिले काही किलोमीटर चालूच राहते. मग एकदा विश्वास बसला की माणूस वेडा होतो. वळणावर गाडी घालायची, थ्रॉटल उघडायचा, मागून आईसचा चुरा कारंज्यागत उडतो आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते.

पुढे एका उतारावर डोंगरातून पाझरणारं पाणी ट्रेलवर आडवं येऊन गोठलं होतं, थरावर थर चढून चांगला फुगलेला पिवळसर निळा उंचवटा, एका बाजूला कललेला, आणि त्या बाजूला खाली ओढा. उन्हाळी टायरवर तिथून परतच फिरलो असतो. दादा न थांबता निघून गेला, मीही त्याच्या मागून, नजर पलीकडच्या झाडावर, थ्रॉटल एकसारखा. टायरखाली बारीक करकर ऐकू येत राहिली, गाडी इंचभरही खाली सरकली नाही. पलीकडे गेल्यावर मागे आमचा तिसरा गडी, तो अर्ध्यात थांबला, फोटोसाठी. थांबला आणि डावा पाय खाली टेकवला. गाडीला स्टड आहेत, बुटाला नाहीत! पाय जो सटकला तो थेट ओढ्याच्या दिशेने, गडी बसकण मारून खाली, आणि गाडी, खोटं वाटेल, क्षणभर तिथेच उभी राहिली आणि मग हळूच त्याच्या बाजूला आडवी झाली. लागलं काही नाही, पण तिला उचलायला गेलो तर आमचेही पाय टिकेनात, शेवटी गाडीचंच चाक धरून उभं राहायची वेळ आली. त्यानंतर बुटाच्या तळाला तेच आखूड स्क्रू मारून टाकले, टाच आणि चवड्याला मिळून आठ-दहा पुरतात. रबरी पट्ट्यांचे चढवायचे क्लीट मिळतात तेही चालतात, पण ते पेगमध्ये अडकतात हा माझा अनुभव.

भुसभुशीत बर्फात स्टडचा उपयोग जवळपास शून्य. खाली आईसपर्यंत ते पोचतच नाहीत, तिथे काम नॉबचं आणि वेगाचं. उभं राहायचं, वजन थोडं मागे, पुढचं चाक हलकं ठेवायचं आणि थ्रॉटल सोडायचा नाही, सोडला की पुढचं चाक नांगर घालतं. एक फसवी गोष्ट अशी की चढावर चाक बर्फात नुसतं फिरत असतं, हळूहळू खाली खणत जातं आणि अचानक खालच्या आईसला लागतं. त्या क्षणी स्टड चावतात आणि गाडी एकदम पुढे उसळते, पुढचं चाक हवेत. क्लचवर एक बोट कायम ठेवायचं ते यासाठी.

आणि खडक, या सगळ्या प्रकरणातला खरा व्हिलन. बर्फातून बाहेर आलेल्या कोरड्या, गुळगुळीत खडकावर चढलात की रबर दगडाला टेकतच नाही, गाडी उभी असते काही धातूच्या ठिपक्यांवर, आणि ते ठिपके दगडावर नुसते स्केटिंग करतात. आवाज येतो चर्रर्र असा, दातांत कळ जाते. दादाने एकदाच सांगितलं आणि ते पुरलं, "जे वळायचं ते खडकाच्या आधी वळ. वर गेल्यावर वळू नकोस, ब्रेक नको, थ्रॉटल वाढवू नको, कमी करू नको. नुसतं जा." गाडी सरळ, एकसारखा हलका जोर, सीटवर बसून वजन मागच्या चाकावर. तिरप्या खडकावर तर मी सरळ रांगेत आईस शोधतो, म्हणजे उन्हाळ्यात जी ओळ आपण टाळतो तीच हिवाळ्यात पकडायची, खळग्यातलं गोठलेलं पाणी, दगडांमधल्या फटीतली आईस. लाइन निवडायची डोक्यातली सगळी सवय उलटी करावी लागते आणि मला वाटतं हिवाळी ट्रेलची मजा त्यातच आहे. गोठलेली मुळं याच्या मधलीच, लाकडात स्टड रुततो त्यामुळे उन्हाळ्यातल्या ओल्या मुळांपेक्षा बरी, पण काटकोनातच ओलांडा.

दोन ट्रेल जोडणारा डांबरी रस्ता लागतो तिथे जीव वरखाली होतो. पुढचं हँडल पोहल्यासारखं हलतं, ब्रेकिंग लांबतं, आणि वेगात गेलात तर रबर गरम होऊन स्टड ढिले पडतात. तीसच्या वर जायचंच नाही, आणि नियम आधी बघायचे. जर्मनीत १९७५ पासून रस्त्यावर स्टडेड टायरला बंदी आहे, स्वीडनमध्ये १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतात, म्हणजे देशागणिक चित्र उलटं. ट्रेलचंही तसंच, स्नोमोबाइलसाठी (बर्फावरून पळणारी स्कूटरसारखी गाडी) तयार केलेल्या ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी बाइक चालत नाही, आणि चालत असली तरी बर्फ वितळायला लागलेल्या दिवशी जाऊ नका. जमीन गोठलेली असते तोवर स्टड फारसं नुकसान करत नाहीत, वितळली की हेच स्टड माती आणि मुळं नांगरून काढतात आणि मग ट्रेल बंद होते, सगळ्यांसाठीच.

तळं दिसलं की उतरायचा मोह होतोच. ताज्या, पारदर्शक, घट्ट आईसवर चालायला निदान ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच असा हिशोब सांगतात. पांढरट, दुधी आईसची ताकद साधारण निम्मी, तिथे जाडी दुप्पट धरायची. गाडी आणि मी मिळून दोनशे किलोच्या आसपास, मी ८ इंच पारदर्शक आईसच्या खाली उतरत नाही आणि ते स्वतः भोक पाडून बघतो, कोणी सांगितलं म्हणून नाही. ओढा जिथे तळ्यात येतो आणि जिथे बाहेर पडतो त्या जागा कायम पातळ. घोळका करून एका जागी उभं राहायचं नाही, आणि गळ्यात आईस पिक, पाण्यात पडलात तर आईसमध्ये रोवून वर यायला. एकामागून एक जाताना अगदी मागे राहू नका, जरा बाजूने चला, पुढच्याच्या चाकातून आईसचे खडे तर येतातच, कधी सुटलेला स्टडही येतो.

शून्याच्या आसपासची आईस आणि उणे १५ ची आईस यात फरक कळतो. शून्याला वर पाण्याचा पातळ थर, बुटाने उभं राहता येत नाही, पण स्टड खोल रुततात म्हणून गाडी मस्त चालते. कडक थंडीत आईस इतकी टणक होते की आखूड कारबाइड वरवरच ओरखडतात, ब्रेकिंग थोडं लांब धरावं लागतं.

घरी आल्यावर गाडी धुऊन, ब्रेक आणि चेन वाळवून ठेवायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी मागचा ब्रेक गोठून चाकच फिरत नाही. मग स्टड मोजायचे. गळतात ते जवळजवळ सगळे मागचे, आणि खडकावर चाक फिरवल्याचे. फाटलेल्या भोकात तोच स्टड परत मारला तर टिकत नाही, शेजारी जागा असेल तर तिथे, नाहीतर तो नॉब सोडून द्यायचा. कडेच्या स्टीलच्या स्क्रूची धार एका बाजूने गोल होते, टायर उलटा करून चढवला की दुसरी बाजू कामाला येते. माझे पुढचे कडेचे स्क्रू आता त्याच अवस्थेला आलेत, म्हणून पुढचा टायर फिरवायचाय, त्यासाठी जुनी पँट शोधून ठेवली आहे. मागच्या टायरचे मधले कारबाइड अजून ठणठणीत आहेत, ते तसेच चालतील.